अमेरिकेची भाऊबंदकी

माझं डोकं फिरायला फार वेळ लागत नाही, हे आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण यंदाच्या गणपतीत जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. सांगते. ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, मी उगाच तापते का.

मी रूपाली. अकरावी-बारावीच्या पोरांना इतिहास शिकवते. पोरांना इतिहास म्हणजे तारखा वाटतात, पालकांना इतिहास म्हणजे सायन्सला नंबर न लागलेल्यांची सोय वाटते, आणि आमच्या पेठेतल्या तालमीला इतिहास म्हणजे घोडा, तलवार आणि धूर सोडायचं मशीन. या तालमीचा गणपती सजीव देखाव्यासाठी गाजलेला. दरवर्षी पन्हाळ्याचा वेढा, नाहीतर खिंड, नाहीतर आग्रा. पोरं जिवंत, कपडे खरे, फक्त आवाज आधी स्टुडिओत भरून आणायचा. वर मांडवात पोरं ओठ हलवतात आणि स्पीकर बोलतो. दहा मिनिटांचा खेळ, तो झाला की रस्त्यावरची गर्दी पुढं सरकते आणि दुसरा खेळ सुरू होतो.

माझा धाकटा भाऊ प्रसेनजीत या तालमीत लहानाचा मोठा झाला. शिरोलीला फाउंड्रीत फिटर आहे. आम्ही बौद्ध, आमच्या घरात गणपती बसत नाही आणि प्रसेनजीत आरतीलाही उभा राहत नाही. पण मांडवाचा पहिला खांब रोवायला तोच आणि लाइटची शेवटची वायर ओढायलाही तोच. मंडळाचा यंदाचा अध्यक्ष ऋतुराज, तो त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेली पोरं ती, खोटं कशाला बोलू.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझा संताप कशासाठी ते कळेल. प्रसेनजीतचा आवाज असा आहे की त्यानं गल्लीच्या टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचं माणूस दार उघडतं. पाठांतर असं की एकदा वाचलं की झालं. आणि या माणसाला इतक्या वर्षांत देखाव्यात एक वाक्य मिळालेलं नव्हतं. कधी मावळा, कधी पहारेकरी, एकदा तर आख्खा गणपती त्यानं मढं होऊन काढला. मोठी कामं कुणाला मिळणार ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते ठरलेलंच असायचं. तो कधी तक्रार करायचा नाही. मीच घरात भांडी आपटायची.

गेल्या वर्षी आमच्या पेठेत तीन मंडळांनी एकाच वेळी पन्हाळ्याचा वेढा लावला आणि पेपरवाल्यांनी टिंगल केली. म्हणून यंदा नवीन विषय हवा असं ठरलं. मीटिंगमध्ये प्रसेनजीत म्हणाला, अमेरिकेतलं यादवी युद्ध करू, गुलामीवरनं झालेलं, कोल्हापुरात कुणी केलेलं नाही, आक्का लिहून देईल. ऋतुराजला एकदम पटलं. तोफा होत्या, घोडे होते, आणि परदेशी विषय म्हटल्यावर शेजारच्या तालमीची जिरणार होती. प्रसेनजीत घरी आला तो नाचतच आला. म्हणाला, शेवटी गुलाम बोलतो असं लिही, ते काम मी मागून घेतलंय.

मी कंबर बांधून बसले. चार वर्षांची लढाई दहा मिनिटांत बसवायची म्हणजे चेष्टा नाही. लिंकन निवडून आला आणि दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, इथून मी सुरुवात केली. का फुटली, तर त्यांची सगळी श्रीमंती कापसावर, आणि तो कापूस चाळीस लाख माणसं चाबकाखाली पिकवत होती. लिंकनलासुद्धा पहिल्यांदा फक्त देश एकत्र ठेवायचा होता, गुलामीचा प्रश्न त्याला मागं टाकायचा होता. पण गुलामच मळे सोडून त्याच्या फौजेच्या छावण्यांत पळून यायला लागले आणि प्रश्न पुढं आला. मग ॲन्टिटमची लढाई, एका दिवसात हजारो माणसं आडवी, आणि त्यानंतर गुलामांना मोकळं करायचा जाहीरनामा. मग गेटिसबर्गची लढाई. आणि शेवटी मळ्यातनं पळून आलेला एक माणूस पुढं येतो, गळ्यातली साखळी काढतो, सैन्याचा निळा कोट अंगावर चढवतो आणि बोलतो. त्याच्या आईला बाजारात कसं विकलं ते सांगतो. बंदूक हातात देताना पहिल्यांदा कुणीतरी त्याचं पूर्ण नाव विचारलं, ते सांगतो. दीड मिनिटाचं भाषण. ते लिहिताना मला रडू आलं, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रसेनजीतनं ते पाठ केलं. दाढी करताना म्हणायचा, गाडी पुसताना म्हणायचा. शेजारची चिमणाबाई विचारायची, ह्याला काय झालंय म्हणून.

पहिली माशी शिंकली ती ऋतुराजच्या मोबाइलवर. त्यानं दक्षिणेच्या सेनापतीचे व्हिडिओ बघितले. पांढरी दाढी, करडा कोट, पांढरा घोडा. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला तो डोळे चमकवतच. "आक्का, हा तर आपलाच माणूस हाय की. थोडी माणसं, समोर फौज डोंगरायेवढी, तरी आपल्या मुलखासाठी लढला. तिकडं दिल्लीचं तख्त आणि हिकडं मावळं. मी ह्योच रोल करणार."

आता बघा. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात कुणी केली नसती. आमच्याकडं पोरगं जन्माला येतं तेच मोठ्या फौजेशी लढणाऱ्या छोट्या फौजेच्या बाजूनं. माणसं कमी आणि घोडा चांगला दिसला की तो आपला. ते कशासाठी लढत होते हे विचारायची आम्हाला सवयच नाही.

मी त्याला बसवलं आणि शिकवायला लागले. म्हटलं, बाबा, आपल्या मुलखासाठी म्हणतोस, तर गेटिसबर्ग उत्तरेत आहे, तिथं हा दुसऱ्याच्या मुलखात घुसून काय करत होता? त्याच्या फौजेनं तिथली मोकळी, स्वतःच्या घरादारात राहणारी काळी माणसं धरली आणि बांधून दक्षिणेत पाठवली. गनिमी कावा म्हणतोस, तर भर दुपारी उघड्या रानात, चढावर, तोफांच्या तोंडी हजारो पोरं चालवत नेली त्यानं. याला कावा म्हणत नाहीत. ऋतुराज म्हणाला, पण राज्याला आपले हक्क नकोत काय, वरच्या सरकारनं दादागिरी करायची काय? मी म्हटलं, कसला हक्क ते पण सांग. माणूस विकायचा हक्क. आणि उत्तरेतली राज्यं जेव्हा म्हणाली, आमच्याकडं पळून आलेल्या गुलामाला आम्ही परत देणार नाही, तेव्हा हेच दक्षिणेकडचे लोक वरच्या सरकारकडं गेले आणि कायदा करून त्यांना द्यायला लावलं. तेव्हा राज्याचे हक्क कुठं गेले होते? फुटून निघाल्यावर त्यांच्या नव्या सरकारच्या उपाध्यक्षानं भर सभेत सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, यावरच आमचं सरकार उभं आहे. त्यांनी स्वतः सांगितलंय, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

ऋतुराजनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ते सगळं बरोबर हाय आक्का, पण माणूस शूर होता का न्हाय?

मी म्हटलं, शूर दरोडेखोरसुद्धा असतो. तो हसला. चहा पिऊन गेला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. वर्गातल्या पोरांना निदान परीक्षेची भीती असते.

मग कामं वाटली. ऋतुराज दक्षिणेचा सेनापती झाला. लिंकन उंच पाहिजे म्हणून पेठेतला एक बास्केटबॉल खेळणारा पोरगा धरला. दोन्हीकडचे सैनिक तालमीतले. आणि गुलाम कोण, तर प्रसेनजीत आणि आमच्या गल्लीतली चार पोरं. कुणी चर्चा केली नाही, कुणी नावं सुचवली नाहीत. पाणी उताराकडं जातं तशी ती कामं आमच्या गल्लीकडं आली. साखळी ऋतुराजच्या आजोबांनी, गणपतरावांनी, आपल्या गोठ्यातनं काढून स्वतःच्या हातानं प्रसेनजीतकडं दिली. म्हशीची साखळी, शेणानं काळी पडलेली. चांगली जुनी दिसत्या, म्हणाले.

मी घरी आल्यावर प्रसेनजीतला झापलं. म्हटलं, तुला कळतंय का काय चाललंय? तो वायर सोलत बसला होता. म्हणाला, कळतंय. पण आक्का, साखळी गळ्यात असल्याशिवाय ती काढता येत न्हाय, आणि काढल्यावर बोलणार मीच हाय. दीड मिनिट आख्खं कोल्हापूर गप्प बसून ऐकणार. त्यापुढं बाकीचं मी सोसतो.

त्याचं ते दीड मिनिट मलाही पाहिजे होतं. त्याच्याइतकंच पाहिजे होतं.

स्टुडिओत आवाज भरायला मी बरोबर गेले होते. प्रसेनजीतनं एका दमात भाषण म्हटलं. रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं, तुम्ही नाटकात काम करता काय? प्रसेनजीत म्हणाला, "न्हाय, मांडवाचं वायरिंग करतो." परत येताना आम्ही दोघं मिसळ खाऊन आलो आणि मी त्याला म्हटलं, यंदा मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत.

रंगीत तालीम शाळेच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. सगळे कपड्यात. जयसिंगपूरच्या शिंप्यानं निळे आणि करडे कोट झकास शिवले होते, ते मान्य करायला पाहिजे. रेकॉर्ड लागलं. लिंकन आला, राज्यं फुटली, तोफा उडाल्या, ऋतुराज पुठ्ठ्याच्या घोड्यावरनं तलवार फिरवून गेला. मग प्रसेनजीत पुढं आला. त्यानं गळ्यातली साखळी काढली, कोट चढवला, हात वर केला आणि ओठ हलवायला लागला.

स्पीकरमधून तोफा. तो ओठ हलवतोय आणि तोफा उडतायत. त्याला वाटलं असेल मशीन अडकलंय, आवाज येईल आता मागनं, म्हणून तो तसाच ओठ हलवत राहिला. मग तुतारी वाजली, एक जाडा आवाज म्हणाला, "शौर्याला देश नसतो, दोन्ही बाजूंच्या वीरांना मानाचा मुजरा," आणि रेकॉर्ड संपलं. प्रसेनजीतचा हात अजून वरच होता.

माझ्या डोक्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मी स्टेजवर चढले. ऋतुराजनं आधीच दोन्ही हात पुढं धरले होते. म्हणाला, वेळ बसत नव्हता, तोफांना जास्तीचा वेळ लागला. मी म्हटलं, तोफा कमी कर. तो म्हणाला, देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक तोफांना मार्क देतात. आणि मग खरं काय ते तोंडातनं बाहेर पडलं. भाषण जरा टोचतंय, म्हणाला. मंडळात एकदोघांनी ऐकलं, त्यांना वाटलं हे अमेरिकेबद्दल न्हाय, आपल्याबद्दलच बोलाय लागलंय. गणपतीत कुणाला टोचाय नको, एकोपा दिसाय पायजे. साखळी आहे की स्टेजवर, लोकांना कळतंय तेवढ्यानं.

म्हणजे माझा भाऊ गळ्यात म्हशीची साखळी घालून मुक्यानं उभा राहणार, आख्ख्या गावापुढं, प्रत्येक खेळाला. आणि ज्यांनी साखळी घातली त्यांना मानाचा मुजरा. असं मी त्याला तोंडावर म्हटलं. माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार.

ऋतुराज म्हणाला, "आक्का, नाटकच हाय की. येवढं काय मनावर घेतीस?"

"नाटकच आहे ना? मग निम्मे खेळ तू साखळी घाल. प्रसेनजीत घोड्यावर बसेल."

खरं सांगते, ऋतुराज मनानं वाईट पोरगा नाही. तो म्हणाला, घालतो की, त्यात काय. आणि लगेच करडा कोट काढून मान पुढं केली. प्रसेनजीत इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो पुढं आला आणि त्यानं ती साखळी ऋतुराजच्या गळ्यात अडकवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल काढले. ऋतुराजनं हात जोडून मालक मालक म्हणत नाटक केलं. प्रसेनजीतसुद्धा हसला. मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं, आता भाषणाचं पण बघू.

तेवढ्यात गणपतराव दारात आले. तालीम बघायला म्हणून काठी टेकत आले होते. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणतात, आम्हीपण. तालमीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी नातवाकडं बघितलं आणि ते जागेवरच थांबले.

"काढ ते आधी," आबा म्हणाले.

ऋतुराज म्हणाला, आबा, नाटक हाय.

"नाटक असलं म्हणून काय झालं? उद्या तुझं लगीन जमवायचं हाय मला. म्हशीची साखळी गळ्यात घालून चारचौघांत उभा ऱ्हाणार व्हय? घराण्याची काय अब्रू हाय का न्हाय?" मग त्यांनी काठीनं प्रसेनजीतकडं दाखवलं. "प्रशाला घाल की. त्येला काय हुतंय?"

ते रागानं बोलले नाहीत. प्रसेनजीतला हिणवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उन्हात सायकल लावलेल्याला माणूस सावलीत लाव म्हणतो, त्या सुरात बोलले. त्यामुळंच माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. आजही तेच आठवून मी चडफडते. एरवी रिक्षावाल्याशी, प्रिन्सिपॉलशी, गॅसवाल्याशी भांडणारी मी, तिथं खांबासारखी उभी राहिले.

ऋतुराजनं आजोबांकडं बघितलं, मग प्रसेनजीतकडं बघितलं, आणि साखळी काढली. काढून त्याच्यापुढं धरली.

प्रसेनजीतनं घेतली. सावकाश वेटोळी केली. मग आबांपाशी गेला आणि ती त्यांच्या हातात ठेवली. म्हणाला, "ही घरी न्या आबा. म्हस मोकळी असंल." निळा कोट काढून खुर्चीवर घडी घालून ठेवला आणि बाहेर पडला. आमच्या गल्लीतली चारही पोरं त्याच्या मागं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुराज घरी आला. डोळे सुजलेले. मी चहा ठेवला. तो प्रसेनजीतला म्हणाला, आबाचं मनावर घेऊ नको, जुनं माणूस हाय, भाषण निम्मं घेतो, चल. प्रसेनजीत कामावर जायला बूट घालत होता.

"आबाचं न्हाईच घेतलं मनावर," तो म्हणाला. "तू साखळी काढलीस, ते घेतलंय."

ऋतुराज खाली बघत बसला. प्रसेनजीतनं त्याला सांगितलं, माझं काय म्हणणं हाय ऐक. भाषण पूर्ण पाहिजे, आणि साखळी पाळीपाळीनं सगळ्यांनी घालायची, तूसुद्धा. तेवढं कर, मी आत्ता येतो, कामावर खाडा पडला तरी येतो. ऋतुराज उठला. मग म्हणाला, आबाला कोण सांगणार? आणि चहा तसाच ठेवून गेला.

पुढं जे झालं त्याला हसावं का रडावं मला कळत नाही. गुलाम व्हायला कुणी मिळेना. तालमीतल्या एका पोराला विचारलं, तो म्हणाला, आमची आई घरात घेणार न्हाय. दुसऱ्याला विचारलं, त्याला एकाएकी ताप आला. कुणी म्हणालं मलकापूरकडनं नाटकातली माणसं भाड्यानं आणू, पण गणपती तोंडावर आलेला. कालपर्यंत 'नाटकच हाय की' म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही मान त्या साखळीत जाईना. शेवटी आबांनीच तोड काढली. म्हणाले, गुलाम काढूनच टाका, लढाई झकास हाय तेवढी बास. आणि यादवी कुणाला कळतंय, सरळ भाऊबंदकी लिवा. झालं. फ्लेक्स लागला, 'अमेरिकेची भाऊबंदकी'. एका बाजूला लिंकन, दुसऱ्या बाजूला घोड्यावर ऋतुराज.

गुलामीवरनं झालेलं युद्ध आणि त्यात गुलामच नाही. मी हे कॉलेजात स्टाफरूममध्ये सांगितलं तर दोघं हसले आणि एक जण म्हणाला, मॅडम, तुम्ही फार ताणता.

सगळ्यात जास्त राग मला प्रसेनजीतचा आला. तो गप्प बसला. कामावर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. दाढी करताना आता काही म्हणायचा नाही. मी म्हटलं, पेपरात लिहू, मी म्हटलं, दुसऱ्या मंडळाकडं जाऊ, मी म्हटलं, निदान शिव्या तरी घाल. तो म्हणायचा, जाऊ दे आक्का. या 'जाऊ दे'नं माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. आयुष्यात एकदा या पोराला वाक्य मिळालं होतं, आणि ते तोफांनी खाल्लं.

देखावा सुरू झाल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी संध्याकाळी तोच म्हणाला, चल, बघून येऊ. मी म्हटलं, मला नाही बघायचा. तो म्हणाला, मी कधी समोरनं बघितलेला न्हाय, चल. मग गेले.

गर्दी तुफान होती. रस्त्यावर माणसाला माणूस चिकटलेलं, खेड्यांतनं टेम्पो भरून आलेली मंडळी, खांद्यावर पोरं. आम्ही मधेच कुठंतरी उभे राहिलो. कुणी प्रसेनजीतला ओळखून हाक मारली, त्यानं नुसता हात केला. खेळ सुरू झाला. धूर आला, लाल लाइट आला, तोफा उडाल्या. ऋतुराज घोड्यावरनं आला तेव्हा अशा शिट्ट्या पडल्या की कानठळ्या बसल्या. निळे पडले, करडे पडले, परत उठून परत पडले. का पडतायत, कशासाठी मरतायत, स्पीकर एका शब्दानं सांगत नव्हता. मी प्रसेनजीतकडं बघितलं. त्याच्या तोंडावर लाल उजेड होता आणि तो टक लावून त्या जागेकडं बघत होता, जिथं तो उभा राहणार होता.

आमच्या पुढं एक म्हातारी होती. नऊवारी, काखेत पिशवी, बहुतेक शाहूवाडीकडची. तिनं मागं वळून मलाच विचारलं, "बाई, ही दोगं कशावरनं भांडाल्यात?"

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं शिकवतेय, उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तिच्या शेजारचा फेटेवाला माझ्या आधी म्हणाला, वर लिवलंय की भाऊबंदकी म्हणून, म्हंजे बांधावरनं असणार. म्हातारीनं मान हलवली. तिला ते पटलं. बांधावरनं माणसं मरतात हे तिनं बघितलं असणार. ती परत पुढं वळली.

"बांधावरनं न्हाय, आज्जी," प्रसेनजीत म्हणाला.

म्हातारीनं परत मागं बघितलं. मी पण बघितलं. इतक्या दिवसांत त्या लढाईबद्दल त्यानं आपणहून काढलेलं पहिलं वाक्य होतं ते.

"माणसावरनं भांडाल्यात. माझ्या आईला बाजारात उभी केलती," तो म्हणाला. हात वर केला नाही, नाटकी सूर लावला नाही, दारात बसून सांगावं तसं सांगितलं. "म्हशीचं दात बघत्यात तसं तिचं दात बघितलं. मला एका मालकानं घेतलं, तिला दुसऱ्यानं. ती माझं नाव घिऊन वरडत हुती आणि गिऱ्हाईक म्हणत हुतं, आवाज चांगला हाय, म्हंजे छाती चांगली असंल."

फेटेवाला वळला. त्याच्या खांद्यावर एक पोरगी होती, ती पण वळली. म्हातारी प्रसेनजीतच्या तोंडाकडं बघत राहिली. "कुणाच्या आईला रं?" तिनं विचारलं.

"माझ्या," प्रसेनजीत म्हणाला.

वर तोफांचा मोठा बार सुरू झाला. तोच, जो त्याच्या भाषणाच्या जागी घातला होता. प्रसेनजीत पुढं काय बोलला ते मलाही ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले. म्हातारीनं पिशवी खाली ठेवली, मांडवाकडं पाठ केली आणि कानाला हात लावून त्याच्यापुढं सरकली.

"मोठ्यानं सांग की," ती म्हणाली. "ऐकू येईना झालंय."

प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं सांगायला लागला.